धावपट्टीवर उघडी पडणारी ब्रेकची चूक

सेस्ना १७२ सारख्या शिकाऊ विमानात ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. रडर (शेपटीवरचं, दिशा वळवणारं सुकाणू) पॅडलचा वरचा भाग दाबला की त्या बाजूचं चाक धरलं जातं, आणि दोन्ही बाजूंचे मास्टर सिलिंडर (पॅडलच्या जोराने तेलावर दाब आणणारे पंप) वेगळे. म्हणून एका बाजूच्या दुरुस्तीत चूक राहिली की विमान थांबण्याआधी वळतं. उतरल्यावर वेग घटतो तशी रडरची पकड कमी होते आणि दिशा सांभाळायला पुढचं चाक आणि ब्रेक एवढंच उरतं. डावा ब्रेक मेला असेल, तर दोन्ही पाय सारखे दाबले तरी विमान उजवीकडे धावपट्टीबाहेर जायला बघतं.

हे हँगरबाहेरच्या चाचणीत का कळत नाही? चाचणी होते १० नॉटने (ताशी सुमारे १८ किमी) टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर सावकाश चालवताना. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे ५० नॉटला ती २५ पट असते. ११०० किलोच्या विमानासाठी सुमारे ३.६ लाख ज्यूल. त्यातली काही हवेच्या रोधात जाते, पण जोरात ब्रेक मारला तर बरीचशी चाकांबरोबर फिरणाऱ्या दोन छोट्या ब्रेक-चकत्यांना, म्हणजे डिस्कनाच पचवावी लागते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे चुकीचं तेल. या ब्रेकमध्ये ५६०६ या विमान-तेलाच्या दर्जाचं लाल खनिज तेल लागतं आणि सील नायट्राइल रबराचे असतात. मोटारीचं ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल पडलं की हे सील फुगून मऊ होतात. पॅडल सोडलं तरी पिस्टन मागे सरत नाही, ब्रेक घासत राहतो. तेल बदलून भागत नाही: सगळे सील नवे, नळ्या धुऊन काढायच्या.

ब्रेकच्या तेलातली हवा काढण्याची दिशाही महत्त्वाची. बुडबुडे वर जातात, म्हणून खालच्या कॅलिपरमधून (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागातून) दाबाने तेल वर टाकीकडे ढकलायचं. उलट केलं तर नळीच्या वळणात हवा अडकते आणि पॅडल मऊ लागतं.

लायनिंग (डिस्कवर घासणारा झिजता थर) ०.१०० इंचांवर (२.५४ मिमी) आली की बदलायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. नवी बसवल्यावर ती ब्रेक दाबत टॅक्सी करून, तापवून पक्की करायची असते, हे मात्र घाईत राहून जातं. सेंद्रिय लायनिंगसाठी क्लीव्हलँड या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीची पद्धत अशी: इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ठेवून, ब्रेक दाबून वेग ताशी ५ ते १० मैल राखत १५०० फूट टॅक्सी, मग १० ते १५ मिनिटं थंड होऊ द्यायचं. हे टाळलं तर पहिल्याच जोरदार ब्रेकला लायनिंग जास्त तापून करपू शकते आणि घर्षण घटू शकतं. धातूच्या लायनिंगची रीत वेगळी, तिथे ही चालत नाही.

अडकलेला ब्रेक शोधायचा सोपा उपाय: टॅक्सी करून आल्यावर दोन्ही डिस्कजवळ, न टेकवता, हात धरायचा. एकीची धग जास्त असेल तर आधी तिकडच्या कॅलिपरच्या पिना गंजल्यात का ते पाहायचं, मग सील.