कार्बन शेतीचा अर्ज: आधी उतारा, मग माती, मग सही

"कार्बनचं फारम आलंय काय ओ?"

ऊसतोड संपत आली की आमच्या दुकानात हा प्रश्न सुरू होतो. दुकान म्हणजे कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, निपाणी भागातल्या एका गावात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर दोन खुर्च्या. उतारा काढून देणे, पीक विम्याचा अर्ज, फ्रूट्सची (कर्नाटक सरकारच्या शेतकरी यादीतली) नोंद, आधारला मोबाईल जोडला आहे का ते बघणे, असली कामं दिवसभर चालतात. त्यात गेल्या काही दिवसांत ही भर पडली. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर वाचलेलं असतं की मातीत कार्बन साठवला की एकरी पैसे मिळतात, आणि माणूस आधार कार्ड घेऊन हजर.

तर पहिली गोष्ट. असं सरकारी फारम नाही. पीएम किसानसारखा आधार नंबर टाकून भरायचा अर्ज शोधत कृषी खात्यात हेलपाटे मारू नका. केंद्र सरकारनं २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयानं शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. पण त्यातून एकेका शेतकऱ्यानं स्वतंत्रपणे क्रेडिट काढावं अशी रचना होत नाही. हजारो एकर एकत्र करून एक प्रकल्प उभा राहतो. तो उभा करणाऱ्याला प्रकल्प विकासक म्हणतात. शेतकरी त्यात शिरतो तो शेतकरी उत्पादक कंपनी, साखर कारखाना, सहकारी संस्था किंवा थेट विकासकाच्या माणसामार्फत. आपण ज्याला अर्ज म्हणतो तो प्रत्यक्षात सहभागाचा करार असतो. अर्जात चूक झाली तर तो परत येतो. करारात चूक झाली तर ती तशीच राहते.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. हवेतला तेवढा वायू मातीत धरून ठेवला किंवा हवेत जाऊ दिला नाही, हे मोजून दाखवलं आणि तिऱ्हाईत तपासनिसानं मान्य केलं की व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या संस्थेच्या नोंदवहीत ते क्रेडिट चढतं. मग ते एखादी कंपनी विकत घेते. मातीच्या कार्बनसाठी व्हेराची जी पद्धत चालते तिचं नाव व्हीएम ००४२. हे नाव लक्षात ठेवा, पुढं करार हातात आल्यावर त्यात कोणती पद्धत लिहिली आहे ते ताडून बघता येईल.

कोण बसतं, कोण बसत नाही

मुख्य अट आहे बदलाची. आजपर्यंत करत होता त्यापेक्षा काहीतरी नवीन करायला हवं. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळत होता, आता कुट्टी करून सरीत ठेवणार. रोटाव्हेटर चार वेळा फिरवत होता, आता नांगरट कमी करणार. सोयाबीन काढल्यावर रान उघडं पडत होतं, आता त्यात ताग किंवा धैंचा पेरून गाडणार. आधी काय चाललं होतं ते दाखवण्यासाठी मागच्या किमान तीन वर्षांची माहिती मागतात: पिकं, मशागत, खतं, पाणी. मागच्या दहा वर्षांत जंगल किंवा माळ मोडून केलेली जमीन चालत नाही. खानापूरच्या जंगलाकडच्या लोकांनी हे नीट बघावं. आणि एक सर्वे नंबर एकाच प्रकल्पात. कारखान्याच्या यादीतही नाव आणि दुसऱ्या कंपनीच्या यादीतही, असं निघालं तर दोन्हीकडून बाद व्हायची पाळी येते.

यातली विसंगती मला पटलेली नाही. आमच्या शेजारचे एक मामा पंधरा वर्षं पाचट कुजवतात. त्यांचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पुढचं पीक) बघायला लोक येतात. पण 'नवीन काय करणार?' या रकान्यात त्यांच्याकडं लिहायला काही नाही. आणि परवापर्यंत फडाला काडी लावणारा मात्र पात्र. मामांना मी एवढंच सुचवलं की पाचट सोडून तुम्ही आजवर न केलेली दुसरी गोष्ट दाखवता येते का बघू. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे आधी बिघडवायला पाहिजे होतं."

कागद

इथंच बहुतेकांचं घोडं अडतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिला कागद उतारा, म्हणजे आरटीसी. 'भूमी' या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या संगणक यंत्रणेतून चालू वर्षाचा काढा आणि समोर बसून वाचा. कन्नड वाचता येत नसेल तर मुलाला किंवा नातीला वाचायला लावा, ती शाळेत शिकतेच. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, अकराव्यात बोजा आणि इतर हक्क, बाराव्यात कोण कसतं आणि कोणतं पीक. नवव्या रकान्यात अजून आजोबांचं नाव असेल तर पुढचं सगळं थांबतं. वारसाची नोंद, ज्याला आपल्याकडं पौती म्हणतात, ती आधी करून घ्यावी लागते. मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचा दाखला लागतो, नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या (काही गावांच्या गटाच्या) महसूल कार्यालयात, अर्ज होतो. भाऊबंदांची सामाईक नावं असतील तर सगळ्यांचं संमतीपत्र हवं. वाटण्या बांधावर झाल्या आहेत पण कागदावर नाहीत, अशी अर्धी गावं आहेत. त्यांनी पोडी (मोजणी करून सर्वे नंबरची फोड) करून हिस्सा नंबर वेगळा करून घेतला तर पुढं पैशावरून भांडण होणार नाही. मोजणीला वेळ लागतो, पण हे काम कार्बनसाठी नव्हे, एरवीही करायचंच आहे.

नावाचा घोळ तर रोजचा. परवा एका काकांचे कागद समोर ठेवले: उताऱ्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', पासबुकात नुसतं 'बी. आर.'. तिघं एकच, पण कॉम्प्युटरला ते कोण सांगणार? आधार आणि बँक आधी एकसारखं करून घ्या, ते त्यातल्या त्यात सोपं. उताऱ्यातली दुरुस्ती तहसीलदार कार्यालयातून होते.

दुसरी गोष्ट फ्रूट्सचा नंबर, म्हणजे एफआयडी. होबळीच्या रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, आधार, बँक पासबुक आणि उतारे दिले की नोंद होते. बऱ्याच जणांची नोंद आहे पण त्यात एकच सर्वे नंबर जोडलेला आहे, बाकीची रानं राहून गेली आहेत. सगळे नंबर जोडून घ्या. खासगी प्रकल्पाला एफआयडी लागेलच असं नाही, पण मालकी आणि क्षेत्र एका नजरेत दाखवणारा याच्याइतका सोयीचा पुरावा दुसरा नाही. शिवाय अनुदानाचं ताग-धैंचाचं बी किंवा अवजार घ्यायला गेलात तरी हाच नंबर विचारतात.

तिसरी गोष्ट पीक पाहणी. दर हंगामात मोबाईल अॅपवर फोटोसकट पिकाची नोंद होते आणि तीच उताऱ्याच्या बाराव्या रकान्यात उतरते. मागच्या तीन वर्षांचा हाच आयता पुरावा. पण बघितलंय का कुणी? ऊस असलेल्या रानावर तंबाखू लागलेली मी स्वतः वाचली आहे. चूक दिसली की त्याच हंगामात ग्राम प्रशासन अधिकाऱ्याकडं, आपल्या भाषेत तलाठ्याकडं, हरकत नोंदवा. याच्या जोडीला कारखान्याच्या उसाच्या पावत्या आणि खताची बिलं एका पिशवीत घालून ठेवा. वाळवी लागलेल्या बिलाची झेरॉक्स निघत नाही, हे मी अनुभवावरून सांगतो.

वाट्यानं किंवा खंडानं कसणाऱ्यांची मात्र अडचण आहे. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून शेतजमीन कुळानं देण्यावर बंदी आहे, त्यामुळं कसणाऱ्याच्या हातात कागद नसतोच. मालक स्वतः करारात आला तरच रस्ता निघतो, आणि पैसे मालकाच्या खात्यावर जातात. वाटेकऱ्याचा हिस्सा किती, हे आधीच साक्षीदारासमोर लिहून घ्यावं.

माती

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. तिच्यात बारा घटक असतात, त्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला सेंद्रिय कार्बन, हा आपला आकडा. ०.५ टक्क्याच्या खाली कमी, ०.७५ च्या वर जास्त. पण कार्बन प्रकल्पाला ही पत्रिका पुरत नाही. पत्रिकेसाठी वरची १५ सेंटिमीटर माती घेतात, प्रकल्पासाठी किमान ३० सेंटिमीटरपर्यंतची. आणि नुसती टक्केवारी नव्हे, मातीची घनताही मोजतात. त्यासाठी लोखंडी नळी ठोकून ठरावीक आकारमानाची माती काढतात आणि जीपीएसवर ती जागा नोंदवतात. हा खर्च विकासकानं करायचा असतो. तुमच्याकडं मागितला तर उठून या.

तरीही स्वतःची पत्रिका काढून ठेवा, आणि नवीन पद्धत सुरू करायच्या आधी. रैत संपर्क केंद्रात विचारा, किंवा बैलहोंगल भागात असाल तर मत्तिकोपचं कृषी विज्ञान केंद्र आहे. नमुना घेताना बांधाकडची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती टाळा. एका रानात आठ-दहा ठिकाणी व्हीच्या आकाराचा खड्डा काढून माती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, शेवटी अर्धा किलो राहील. धनगराची मेंढरं नुकतीच बसवून गेली असतील त्या रानातला नमुना आत्ता घेऊ नका, आकडा फसवा येईल. बाहेरून आणलेल्या खताचा हिशोब प्रकल्पातही वेगळा लावतात, कारण तो कार्बन दुसऱ्याच्या रानातून आलेला असतो.

अथणी, कागवाड, रायबागच्या कृष्णाकाठी जमीन चोपण (क्षार साठून बिघडलेली) झालेली असेल तर आधी पत्रिकेतला सामू (पीएच) आणि क्षारता बघा. पाण्याचा निचरा झाल्याशिवाय तिथं कर्ब वाढवण्याचा विचार म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

पैसे किती

हा हिशोब मी ग्राहकांना कागदावर करून दाखवतो, कारण एकरी दहा-वीस हजार ऐकून आलेले असतात. एका एकरातली ३० सेंटिमीटर खोल माती साधारण १,५८० टन भरते. तिच्यातला कर्ब ०.१ टक्क्यानं वाढला तर १.५८ टन कार्बन, म्हणजे कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ ने गुणून ५.८ टन कार्बन डायऑक्साइड. ही वाढ व्हायला पाच वर्षं लागली असं धरू. साठलेला कार्बन पुढं निसटला तर भरपाई म्हणून काही क्रेडिट राखून ठेवतात. ती २० टक्के धरली तर उरली साडेचारच्या आसपास. क्रेडिटला हजार रुपये आणि तुमचा वाटा ६० टक्के, असं मानू. पाच वर्षांत एकरी २,७०० ते २,८०० रुपये. वर्षाला साडेपाचशे. भाव आणि वाटा हे माझे मानलेले आकडे आहेत, पण दहापट फरक पडणार नाही.

आता दुसरीकडचा हिशोब. एका एकरात तीन-चार टन पाचट निघतं. त्यात नत्र जवळपास अर्धा टक्का आणि पालाश (पोटॅश) एक टक्क्याच्या आत-बाहेर. चार टन पाचट जाळलं नाही तर एका युरियाच्या पोत्याच्या जवळपास नत्र आणि एका पोत्याहून जास्त पोटॅश रानातच राहतं. कुजायला टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धन टाकायचं. पाण्याची पाळी लांबते ते वेगळंच. क्रेडिटचे पैसे आले तर वरकड. त्या भरवशावर ट्रॅक्टरचा हप्ता ठरवू नका.

सही करायच्या आधी

करार बहुतेक इंग्रजीत असतो, कधी कन्नडात. मराठी प्रत मागा. द्यायला लाजत असतील तर निदान ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा म्हणा. मग प्रकल्पाचा नंबर विचारा. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या दोघांच्याही नोंदवह्या इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या आहेत. नंबर टाकला की प्रकल्प नोंदला गेलाय की अजून तयारीतच आहे ते दिसतं. नंबरच नसेल तर सहीची घाई नको.

वाट्याची टक्केवारी कशावर, विक्रीच्या पूर्ण रकमेवर की खर्च वजा जाता उरेल त्यावर? हा एक शब्द सगळं फिरवतो. पहिला हप्ता कधी? माती पुन्हा मोजायला पाच वर्षांपर्यंतही लागू शकतात, त्याआधी आगाऊ काही आहे का? करार किती वर्षांचा, आणि मध्येच मुलीच्या लग्नाला अर्धा एकर विकावं लागलं तर दंड काय? पाऊस गेला, कर्ब वाढलाच नाही, तर दिलेलं परत मागणार का? वाद झाला तर कोर्ट बेळगावचं की मुंबईचं? आणि कार्बन क्रेडिटच्या उत्पन्नावर १० टक्के कराची वेगळी तरतूद २०१७ मध्ये आयकर कायद्यात आली. ते शेतीचं उत्पन्न म्हणून आपोआप सुटेल असं धरू नका, वाट्याची रक्कम मोठी असेल तर सीएला विचारा. नोंदणी फी म्हणून रोख रक्कम मागणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

शेवटी आमच्या भागाचा खास प्रश्न. घर निपाणी तालुक्यात आणि रान महाराष्ट्रातल्या कागल हद्दीत, अशी बरीच कुटुंबं आहेत. पलीकडच्या रानाला सातबारा लागतो आणि महाराष्ट्राचा शेतकरी ओळख क्रमांक. अलीकडच्याला आरटीसी आणि एफआयडी. एफआयडीत सातबाऱ्याचा गट नंबर चढत नाही, कितीही वेळा रांगेत उभं राहिलात तरी. प्रकल्पाच्या हद्दीत दोन्ही राज्यं आहेत का ते विचारून घ्या. नसतील तर एका बाजूचंच रान नोंदवा आणि करारात त्याचेच नंबर लिहिलेत ना ते बोट ठेवून तपासा. दोन्ही बाजूंच्या कागदांची फाईल मात्र वेगवेगळी ठेवा. एकाच पिशवीतून उलटसुलट कागद काढताना माझाही अर्धा दिवस जातो, आणि मागं पीक विम्याची रांग लागलेली असते.