तलवारीने चिलखत कापलं जातं का?

सिनेमात नायक तलवार फिरवतो आणि चिलखतासकट शत्रू आडवा. त्यातूनच ‘साखळीचं चिलखत म्हणजे नुसता दिखावा’ हा समज पसरला. तो चुकीचा आहे.

चांगल्या चिलखतात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते. तिची टोकं चपटी करून बारीक रिव्हेटने (छोट्या खिळ्याने) ठोकून बंद केलेली असतात. तलवारीच्या धारेने हे कापलं जात नाही. आत जाड, भरलेला अंगरखा असतो, तो वेगळाच.

११९१ साली, तिसऱ्या धर्मयुद्धात (क्रुसेडमध्ये), पॅलेस्टाइनमधल्या अरसूफच्या वाटेवर तुर्की धनुर्धारी इंग्लंडचा राजा रिचर्ड याच्या पायदळावर बाणांचा पाऊस पाडत होते. रिचर्डविरुद्ध लढणाऱ्या सुलतान सलाउद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने लिहून ठेवलंय, की एकेकाच्या अंगावर दहा-दहा बाण अडकलेले, तरी गडी रांग न मोडता चालतोय! शत्रूपक्षाची साक्ष आहे, म्हणून जास्त मोलाची.

आपल्याकडे प्रतापगडावर, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, अफझलखानाचा वार शिवाजी महाराजांना लागला नाही, याचं श्रेयही चिलखतालाच दिलं जातं.

मग चिलखतवाले मरायचे कसे? गदेने हाड मोडायचं, कड्या न तुटता. जवळून मारलेला भाला किंवा अणकुचीदार टोकाचा बाण कडी फोडू शकायचा. आणि चेहरा तर बहुतेकांचा उघडाच.