पाळीव कुत्र्यांमधील घरगुती विषबाधा

घरात नेहमी वापरले जाणारे अन्नपदार्थ, औषधे, रसायने किंवा शोभेच्या वनस्पती पोटात गेल्याने कुत्र्याला होणारी विषबाधा. यांतील अनेक पदार्थ माणसाला निरुपद्रवी असतात. परंतु कुत्र्याच्या शरीरात त्यांचे विघटन वेगळ्या रीतीने होते, शिवाय वजन कमी असल्याने थोडी मात्राही त्याला पुरेशी ठरते.

झायलिटॉल हा साखरविरहित च्युइंगम, टूथपेस्ट व काही औषधांत वापरला जाणारा गोडी आणणारा पदार्थ याचे ठळक उदाहरण होय. माणसात त्याचा इन्शुलिनवर फारसा परिणाम होत नाही. कुत्र्यात मात्र स्वादुपिंड एकदम भरपूर इन्शुलिन सोडते आणि बहुधा तासाभरातच रक्तातील साखर कोसळून कुत्रा लडखडू लागतो, त्याला झटके येतात. वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.१ ग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अवघा १ ग्रॅम झायलिटॉल त्यासाठी पुरतो. याहून मोठ्या मात्रेने यकृत निकामी होऊ शकते. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे उलट्या, अस्वस्थता व हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता बराच काळ टिकते. गडद चॉकलेट दुधाच्या चॉकलेटपेक्षा कितीतरी अधिक घातक असते.

खरा धोका मात्र उशिरा प्रकट होणाऱ्या विषांचा आहे, कारण कुत्रा खेळताना, जेवताना दिसतो आणि उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो. द्राक्षे व मनुका यांनी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती दाण्यांपर्यंत धोका नाही, हे सांगता येत नाही. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, तांबड्या रक्तपेशी फोडतात. त्यातून येणारा पंडुरोग (रक्तक्षय) काही दिवसांनी लक्षात येतो. वाहनाच्या कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. ते चाटलेला कुत्रा आधी झिंगल्यासारखा वागतो, नंतर सावरल्यासारखा वाटतो, आणि त्याच अवधीत त्याच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचत असतात. रक्त गोठू न देणाऱ्या उंदीरनाशकांचा रक्तस्रावही साधारण तीन ते पाच दिवसांनी सुरू होतो.

माणसांची वेदनाशामके, विशेषतः आयब्युप्रोफेन व पॅरासिटामॉल, कळवळ्याने दिली जातात तेव्हाही घात करतात. वनस्पतींत कण्हेर हृदयावर, तर सायकस यकृतावर आघात करते. सायकसच्या बिया सर्वाधिक विषारी असतात.

संशय येताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याशी संपर्क साधावा आणि पदार्थाचे वेष्टन, खाल्ल्याची वेळ व अंदाजे मात्रा सांगावी. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय स्वतःच घातक आहे. आम्ल, अल्कली किंवा रॉकेल पोटात गेले असल्यास तर उलटी मुळीच करवू नये, कारण अन्ननलिका पुन्हा भाजते किंवा द्रव फुप्फुसांत शिरतो. वरील उंदीरनाशकांवर के१ जीवनसत्त्व हा उतारा असून तो काही आठवडे द्यावा लागतो, आणि तो थांबवल्यानंतर सुमारे ४८ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी पुन्हा केली जाते. मेंदूवर परिणाम करणाऱ्या ब्रोमेथॅलिन या उंदीरनाशकावर मात्र तो चालत नाही, म्हणून उंदीरनाशकाचे नाव वाचता येईल असे वेष्टन जपून ठेवणे फार महत्त्वाचे आहे.