खारा वारा, मे महिन्याचं ऊन आणि सनस्क्रीन

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालवणला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मग रत्नागिरी, आणि महिन्याच्या मध्याला अलिबाग. शाळांमधून, खगोल मंडळांमधून शून्य सावलीचा हा दिवस हौसेने पाहिला जातो. त्वचेच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा की किरणं वातावरणातून कमीत कमी अंतर कापून सरळ अंगावर येतात. निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक (त्वचा भाजणाऱ्या अदृश्य किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ११च्या वर जातो, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर सगळ्यात वरच्या गटात. निर्देशांक ३ झाला की काळजी घ्यायला सुरुवात करा, असं हीच संघटना सांगते. आणि नेमक्या याच दिवसांत चाकरमानी गावी आलेले असतात, पोरं समुद्रावर असतात, बागेत आंबे उतरवणं चालू असतं आणि पाऊस लागायच्या आत सुकी मासळी तयार करायची घाई असते.

किनाऱ्यावर एक फसगत हमखास होते. दुपारी खारा वारा सुटतो, अंगाला गार वाटतं, आणि ‘आज ऊन नाही फारसं’ म्हणून माणसं तीन-चार तास वाळूत काढतात. पण उन्हाची ऊब जाणवते ती मुख्यतः अवरक्त (इन्फ्रारेड) आणि दृश्य किरणांमुळे. त्वचा भाजणारे अतिनील किरण जाणवतच नाहीत. वारा ऊब घेऊन जातो, अतिनील किरण तेवढेच राहतात. पातळ ढगांतूनही त्यांचा बराच मोठा भाग खाली पोचतो. कोरडी वाळू त्यातले सुमारे १५ टक्के परत फेकते, लाटांचा फेस सुमारे २५ टक्के, आणि पाण्यात अर्धा मीटर खोलवरसुद्धा पृष्ठभागावरच्या ४० टक्के किरणांची पोच असते. म्हणून नुसत्या छत्रीखाली बसूनही चेहरा रापतो.

या अतिनील (यूव्ही) किरणांचे आपल्यापर्यंत पोचणारे प्रकार दोन. यूव्हीबी त्वचेचा वरचा थर भाजतात. यूव्हीए खोल जातात, त्वचेचा ताण सैल करतात, डाग गडद करतात आणि काचेतूनही आत येतात. एसटीच्या खिडकीशी बसून मुंबईहून सावंतवाडी गाठणाऱ्याची काच बंद असली तरी तो त्यांच्यापासून सुटत नाही. ट्यूबवरचा एसपीएफ, म्हणजे संरक्षण किती ते सांगणारा आकडा, प्रामुख्याने यूव्हीबीबद्दल बोलतो. यूव्हीएसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द आणि ‘पीए’ या यूव्हीए-संरक्षणाच्या खुणेपुढची अधिकची (+) चिन्हं बघायची. अशी चार चिन्हं म्हणजे सर्वाधिक संरक्षण.

आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य बरंच काम करतं. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी दिसतो, हे खरं आहे. पण त्यावरून सनस्क्रीन आपल्यासाठी नाहीच, असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. आपल्याकडचं मोठं दुखणं म्हणजे वांग. गालांवर, कपाळावर पसरणारे हे काळपट डाग यूव्हीएने वाढतात आणि दृश्य प्रकाशानेही. साधं पारदर्शक सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. वांग असलेल्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन मागावं.

आता आकड्यांचं. एसपीएफ ३० जळजळ करणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८. फरक एवढाच, मात्र दोन्ही आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मिळालेले असतात. बहुतेक माणसं त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात, आणि मग ५०च्या ट्यूबमधून ५०चं संरक्षण मिळतच नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन रेघा घ्याव्या लागतात. पोहायला उतरणाऱ्या मोठ्या माणसाला सगळ्या अंगासाठी सुमारे ३० मिलिलिटर लागतं. फक्त चेहऱ्याला आणि मानेला रोज एकदा पुरेसं लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपायला हवी. तुमची ट्यूब गेल्या दिवाळीपासून चालली असेल तर थर पातळ पडतोय. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांची वरची बाजू हमखास सुटते. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा, आणि समुद्रातून येऊन अंग पुसलं की लगेच. कोकणातल्या घामात ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलंच घ्या, पण तेही ४० किंवा ८० मिनिटांपुरतं असतं. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवतं. उन्हापासून वाचवण्यासाठी त्यावर विसंबू नका.

हा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, हेही बोललं पाहिजे. दिवसभर बोंबील वाळत घालणाऱ्या किंवा काजूच्या बिया वेचणाऱ्या बाईला दर दोन तासांनी क्रीम लावायला सांगणं निरर्थक आहे. डोक्यावरून घट्ट घेतलेला गडद, दाट विणीचा पदर, लांब बाह्यांचा जुना शर्ट, रुंद काठाची टोपी आणि शक्य तेव्हा अकरा ते तीन सावलीतलं काम, हे तिचं पहिलं संरक्षण. पांढरा विरलेला सुती कपडा मात्र वाटतो त्याहून बरेच किरण आत सोडतो, ओला झाला की आणखी. सहा महिन्यांखालच्या बाळालाही सनस्क्रीनपेक्षा सावली आणि कपडेच योग्य.

पावसाळ्यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. लेप्टोस्पायरोसिसवर (उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापावर) आणि तो होऊ नये म्हणूनही डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं जातं. या औषधाने त्वचा उन्हाला फार हळवी होते. लावणीच्या दिवसांत ते चालू असेल तर औषध अजिबात थांबवू नका, पण पावसाची उघडीप मिळाली की हात, मान झाका. त्वचा लाल होऊन चुरचुरली तर ज्यांनी औषध दिलं त्यांना दाखवा.

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७मध्ये जाहीर झालं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट या घटकांनी प्रवाळांना इजा होते असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं, आणि हवाईने २०२१पासून ते असलेल्या सनस्क्रीनची खुली विक्री बंद केली. खुल्या समुद्रात किती नुकसान होतं यावर वाद आहे, तरी झिंक ऑक्साइडचा पर्याय हाताशी असताना हे घटक टाळणंच मला बरं वाटतं. तारकर्लीला स्नॉर्केलिंग करताना माणूस तासभर पालथा तरंगतो, त्यामुळे पाठ आणि पोटऱ्या सगळ्यात जास्त भाजतात. पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबरचा पोहण्याचा टीशर्ट घातला की पाठ, खांदे आणि हात झाकले जातात, आणि क्रीम चेहरा, मान आणि पायांपुरतंच लागतं.