कौटुंबिक हिंसाचारग्रस्त महिलांसाठी काम करताय? ‘सेवा पुरवठादार’ नोंदणीची पात्रता, कागदपत्रं आणि माणसांची तयारी (नाशिक जिल्हा)

मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला घेऊन संस्थेची एखादी कार्यकर्ती पोलीस ठाण्यात गेली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “तुम्ही कोण?” त्यावर कायद्यात बसणारं उत्तर देता यावं म्हणून एक सोय आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 10 खाली संस्थेची ‘सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदणी करता येते. कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, पण वर्षानुवर्षं या क्षेत्रात राबणाऱ्या अनेकांना ही नोंदणी आपल्याला करता येते, हेच ठाऊक नसतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मदत करायला नोंदणी लागतेच असं नाही. हिंसाचार झाला आहे, होतो आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं तर शेजारीण, शिक्षिका, आशाताई, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर ना दिवाणी दावा होतो ना फौजदारी, तसं कलम 4 मध्ये स्पष्ट आहे. नोंदणी झाल्यावर मात्र संस्थेला कायद्याने तीन कामं करता येतात. बाईची इच्छा असेल तर कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे सगळे ज्याला डीआयआर म्हणतात तो, स्वतः नोंदवून न्यायदंडाधिकारी आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवणं. तिची वैद्यकीय तपासणी करून घेऊन त्याचा अहवाल संरक्षण अधिकारी आणि पोलीस ठाण्याला देणं. आणि तिला हवं असेल तर निवारागृहात जागा मिळवून देऊन पोलिसांना तसं कळवणं. शिवाय चांगल्या हेतूने केलेल्या कामाबद्दल संस्थेवर किंवा तिच्या सदस्यांवर खटला भरता येत नाही, आणि हे काम करताना कलम 30 नुसार ते लोकसेवक धरले जातात. सासरच्या मंडळींनी दमदाटी केली तर या शेवटच्या मुद्द्याचं वजन कळतं.

पात्रता: अडतं ते तीन वर्षांवर

नोंदणी संस्थेची होते, व्यक्तीची नाही. सोसायटी नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेली संस्था, कंपनी कायद्याखालची कंपनी किंवा अन्य कायद्याने नोंदलेली संस्था चालते. आपल्याकडच्या बहुतेक संस्था 1860 च्या कायद्यासोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालीही धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या असतात. महिलांच्या हक्कांचं आणि हितांचं संरक्षण हा संस्थेचा उद्देश असायला हवा. इथे आपली घटना एकदा काढून वाचाच. ‘शैक्षणिक, सांस्कृतिक व सामाजिक उपक्रम राबविणे’ एवढ्यावरच गाडी थांबली असेल, तर आधी उद्देशात दुरुस्ती करून घ्या आणि मग अर्जाला हात घाला. गल्लीतलं महिला मंडळ कितीही धडाडीचं असलं, तरी नोंदणीशिवाय या दारातून आत येत नाही.

दुसरी अट या कायद्याखाली 2006 मध्ये केलेल्या नियमांपैकी नियम 11 मधली आहे. अर्जाच्या तारखेआधी किमान 3 वर्षं काम हवं, आणि ज्या सेवेसाठी अर्ज करताय तेच काम हवं. दहा वर्षं शिवणक्लास चालवलेल्या संस्थेने समुपदेशन केंद्र म्हणून अर्ज केला तर ती दहा वर्षं कामाला येत नाहीत. तीच संस्था व्यवसाय प्रशिक्षण देणारी म्हणून अर्ज करू शकते, आणि घर सोडून आलेल्या बाईला त्याचीही गरज असतेच. दवाखाना, मानसोपचार समुपदेशन केंद्र किंवा व्यवसाय प्रशिक्षण संस्था असेल, तर त्या-त्या क्षेत्राच्या नियामक संस्थेच्या अटी पूर्ण केल्याचं दाखवावं लागतं.

निवारागृह चालवत असाल तर सरकारी अधिकारी प्रत्यक्ष येऊन पाहणी करतात. किती जणी राहू शकतील, जागा महिलांसाठी सुरक्षित आहे का, राहणाऱ्या महिलांना वापरता येईल असा चालू फोन आहे का, हे त्या अहवालात येतं. खोल्या, क्षेत्रफळ, जवळचा दवाखाना किती लांब, हे रकाने पाहणीनंतर तेच भरतात. तुम्ही भरून ठेवू नका.

अर्ज आणि कागद

अर्ज नमुना 6 मध्ये करायचा असतो. नियमात जोडपत्रांची लांबलचक यादी दिलेली नाही, फीसुद्धा सांगितलेली नाही. पण नमुन्यातल्या प्रत्येक उत्तरामागे एक कागद उभा करावा लागतो, हे धरून फाईल लावा: नोंदणी प्रमाणपत्र, घटना आणि नियमावली, धर्मादाय कार्यालयात मंजूर असलेली सध्याच्या विश्वस्तांची यादी, अर्ज करण्याबाबत कार्यकारी मंडळाचा ठराव, पॅन, जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, तीन वर्षांचे ऑडिट आणि वार्षिक अहवाल. विश्वस्त बदललेत पण बदल अर्ज अजून धर्मादाय कार्यालयातच पडून आहे, अशी अवस्था असेल तर ती आधी निस्तरा. सही करणाऱ्याचं नाव यादीत नसेल, तर पुढे सगळंच लटकतं.

तीन वर्षांचं काम दाखवताना सत्काराचे फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं जाडजूड जोडण्याची आपल्याकडे हौस असते. त्यापेक्षा प्रकरणांची नोंदवही बोलते. किती जणी आल्या, कुठल्या तालुक्यातून, काय मदत दिली, पुढे कुठे पाठवलं, एवढं वर्षवार पत्रक करा. मात्र बाईचं नाव, गाव, फोन यांपैकी काहीही त्यात येता कामा नये. प्रकरण क्रमांक टाका. या नियमाची तपासणी कुणी करो न करो, फाईल पाच टेबलांवरून फिरणार आहे हे लक्षात ठेवा.

नमुन्यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना माणसांचा आहे: किती जण काम करतात, कोण कुठल्या नात्याने, शिक्षण काय, समुपदेशक किती, त्यांचा अनुभव किती आणि कुठला. पदव्यांच्या साक्षांकित प्रती आणि झालेल्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं इथे जोडायची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या, म्हणजे 2013 च्या कायद्यावरच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पुष्कळ जण इथे लावतात. ते वेगळ्या कायद्याचं आहे, त्यातली समितीही वेगळी आणि प्रक्रियाही वेगळी.

अर्ज राज्य सरकारच्या नावे असतो. जिल्ह्यातलं त्याचं दार म्हणजे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याचं कार्यालय. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊनच परत या. आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण हेही तिथेच विचारा. सुरगाण्याच्या किंवा मालेगावच्या संस्थेचं रोजचं काम शेवटी त्यांच्याशीच पडणार आहे. जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सगळ्या राज्यांना बजावलेलं आहे, तेव्हा ‘आमच्याकडे तसं पद नाही’ हे उत्तर ऐकून माघारी फिरू नका. अर्ज नाकारायचा झाला तर त्याआधी संस्थेला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, ही तरतूदही नियमात आहे.

प्रमाणपत्र भिंतीवर, पण खुर्चीत कोण?

इथे माझं मत सरळ आहे. नमुना 6 भरणं सोपं, नमुना 1 भरणं अवघड. नमुना 1 म्हणजेच डीआयआर. नोंदणीची घाई करण्याआधी आपली माणसं तो कागद नीट भरू शकतात का, हे बघा.

त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा हिंसाचारासाठी वेगवेगळ्या जागा आहेत आणि प्रत्येक ठिकाणी कधी, कुठे, कुणी हे विचारलेलं आहे. अप्रशिक्षित कार्यकर्ती आर्थिक हिंसाचाराखाली लिहिते, ‘पती पैसे देत नाही’. प्रशिक्षित कार्यकर्ती विचारत जाते आणि मग कागदावर येतं: ‘ऑक्टोबर छाटणीला मी दिंडोरीच्या बागेत मजुरीला गेले. आठवड्याची हजेरी मुकादमाने माझ्या हातात दिली नाही, नवऱ्याला दिली. मी किराण्याला पैसे मागितले तेव्हा त्याने माझी पोत काढून घेतली, ती अजून दिलेली नाही.’ तारीख आठवत नसेल तर ‘दिवाळीच्या आधी, छाटणी चालू असताना’ हेही चालेल. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नये, उलटतपासणीत तीच अंगाशी येते. पोतीसारखं स्त्रीधन वेगळ्या यादीत घ्यायचं. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवायचं, तिच्या भाषेत. पेठ-सुरगाण्याकडे कोकणा बोलणारी बाई आणि मालेगावात उर्दू बोलणारी बाई प्रमाण मराठीतल्या कागदावर नुसता अंगठा देऊन गेली, तर तो कागद तिचा राहत नाही.

दुसरा विषय समुपदेशनाचा, आणि इथे आपलं रक्तातलं वळण आडवं येतं. दोघांना समोरासमोर बसवायचं, ‘भांड्याला भांडं लागतंच’ म्हणायचं, तडजोडीच्या कागदावर सह्या घ्यायच्या, की प्रकरण मिटलं! न्यायदंडाधिकाऱ्याने पाठवलेल्या समुपदेशनाबाबत नियम 14 याच्या उलट सांगतो. पुन्हा हिंसाचार करणार नाही अशी हमी सामनेवाल्याने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने, द्यायची असते. मी का मारलं याचं समर्थन त्याला तिथे करता येत नाही, आणि हे त्याला सुरू होण्याआधीच सांगायचं असतं. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला’ हे वाक्य आलं की समुपदेशकाने तिथेच थांबवायचं, याचा सराव भूमिका वाटून घेऊन करावा लागतो. व्याख्यान ऐकून तो जमत नाही. ज्याचा त्या वादात हितसंबंध आहे किंवा जो नात्यातला आहे, त्याला त्या प्रकरणात समुपदेशक होता येत नाही, आणि शक्यतो समुपदेशक महिलाच असाव्यात, असंही नियम 13 सांगतो.

पोलीस आणि न्यायिक सेवेतल्या लोकांना वेळोवेळी प्रशिक्षण देणं ही कलम 11 ने सरकारवर टाकलेली जबाबदारी आहे. योगायोग असा, की राज्याचे उपनिरीक्षक घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही दोन्ही आपल्या नाशिकातच. तरीही शिबिरांत सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं ते नियम 17 चं: डीआयआर नाही म्हणून दवाखान्याला तपासणी नाकारता येत नाही, आणि तो झालेलाच नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यानेच नमुना 1 भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. तपासणी अहवालाची प्रत बाईला फुकट मिळते. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना आपल्या शिबिराला मुद्दाम बोलवा.

प्रशिक्षणात आणखी काय असावं? 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या कलम 498अ च्या (विवाहितेचा छळ) जागी आलेली भारतीय न्याय संहितेची कलमं 85 आणि 86, नमुना 5 मधली सुरक्षा योजना, आणि तातडीच्या वेळी पोलिसांना सोबत घेऊन घटनास्थळी जाण्याचा नियम 9. विषय कायद्याचा आहे म्हणून फक्त वकिलांना बोलावू नका. हिंसाचारग्रस्त महिलांना सगळी मदत एका छताखाली देणारं सखी वन स्टॉप सेंटर आणि पोलीस ठाण्यात चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष इथल्या अनुभवी कार्यकर्त्या प्रत्यक्ष प्रकरण कसं हाताळायचं ते दाखवतात. मानसिक आघाताबद्दल वन स्टॉप सेंटरच्या कर्मचाऱ्यांसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेमार्फत ‘स्त्री मनोरक्षा’ हा प्रकल्प 2022 पासून आहे.

संस्था नसेल तर

एकट्याने काम करू इच्छिणाऱ्यांना दोन वाटा आहेत. न्यायालय समुपदेशक नेमतं ते संरक्षण अधिकाऱ्याने पाठवलेल्या यादीतून, तेव्हा शिक्षण आणि अनुभवाच्या कागदांसह त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या. दुसरी वाट म्हणजे जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. ते विधी स्वयंसेवकांची निवड करून त्यांना प्रशिक्षण देतं. महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे गावोगाव सांगायला त्यांना माणसं हवीच असतात. त्यांचा क्रमांक 15100. महिला हेल्पलाइन 181, आणि जीव धोक्यात असेल तर आधी 112.

नोंदणी मिळाल्यावर संस्थेचं नाव संरक्षण अधिकाऱ्याच्या नोंदवहीत चढतं आणि सरकारने प्रसिद्ध करायच्या यादीतही येतं. समुपदेशक सोडून गेली, फोन नंबर बदलला किंवा निवारागृहातल्या जागा कमी झाल्या, तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. रात्री अकराला पोलीस ठाण्यातून फोन येईल तो त्या यादीतल्या नंबरवर.