ढब्बू मिरचीत नर-मादी नसते

"तळाला तीन उंचवटे असलेली ढब्बू मिरची नर, चार असलेली मादी, मादी गोड," हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे. खरं म्हणजे मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. फळ धरतं ते त्याच फुलाच्या अंडाशयातून, मग ते नर कसं असेल? परसातल्या झाडावरच पाहा: तीन आणि चार उंचवट्यांची फळं एकत्र लागतात. कापून बघा, बिया दोन्हींत. गोडी येते ती पिकल्यामुळे. लाल झालेली मिरची म्हणूनच गोड.

आपल्या कोकणात हा समज पटणं साहजिकच. रातांब्याची, जायफळाची झाडं खरोखर नर-मादी वेगळी असतात. रोप लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी आणि झाड नर निघावं! म्हणून बागायतदार मादी झाडाची कलमं लावतात, परागासाठी मधे एखादा नर राखतात.