चुंबक टिकतो, गोंद सुटतो

फंकाडेलिक या अमेरिकी बँडचा ‘मॅगट ब्रेन’ 1971 साली आला. डेट्रॉइटमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमच्या सुरुवातीलाच एडी हेझलची गिटार जवळजवळ दहा मिनिटं आक्रोश करते; सायकेडेलिक फंक, म्हणजे भास-भ्रम जागवणारं ठेकेदार संगीत, म्हटलं की आजही तीच आठवते. असा अल्बम मूळ टेपवरून नव्याने काढायचा, तर टेप यंत्रावर चढवण्याआधी रसायनशास्त्राशी गाठ पडते.

टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर गोंदात बसवलेले लोहऑक्साइडचे कण. आवाज साठतो कणांच्या चुंबकत्वात, आणि ते पन्नास वर्षांतही फारसं ढळत नाही. दगा देतो तो गोंद. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून आलेल्या बऱ्याच टेपांमधलं पॉलियुरेथेन हवेतला दमटपणा शोषून विघटित होतं. टेप चिकट होते, यंत्रावर किंचाळते, तिचा थर हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, खरवडून निघतो. उपाय ऐकून दचकायला होतं: टेप सुमारे 54 अंश सेल्सिअसवर आठ तास किंवा अधिक वेळ भाजायची! मग काही आठवडे ती नीट वाजते, तेवढ्यात संगणकावर उतरवून घ्यायची. पण ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकवरची जुनी टेप भाजली तर कामातूनच जाते. म्हणून आधी रीळ उजेडासमोर धरतात. ॲसिटेटमधून प्रकाश आरपार दिसतो.

खरी गंमत प्रतिध्वनीत आहे. गुंडाळलेल्या टेपचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर आपली पुसट चुंबकीय छाप उठवतो, त्यामुळे मोठ्या स्वराच्या आधीच त्याचं भूत ऐकू येतं. या संगीतात तर प्रतिध्वनी मुद्दाम, सढळ हाताने घातलेला. त्यातला दोष कोणता, कला कोणती? स्वराआधी आला म्हणजे दोष, असंही म्हणता येत नाही; टेप उलटी फिरवून प्रतिध्वनी स्वराआधी आणायची हौस सायकेडेलिक मंडळींना होतीच. निवाडा करतं ते गणित. टेप सेकंदाला 15 इंच, म्हणजे 38 सेंटिमीटर धावते. मोठ्या रिळाचा एक वेढा आत साधारण 36, बाहेर 80 सेंटिमीटरचा. म्हणजे भूत एक ते दोन सेकंद आधी येतं आणि रीळ उलगडेल तसं हे अंतर हळूहळू बदलत जातं. कलाकाराने घातलेला प्रतिध्वनी रिळाची जाडी बघून वागत नाही.

ही छाप बाहेरच्या वेढ्यावर जास्त उमटते. म्हणून टेप वाजवून झाल्यावर रिवाइंड न करता, शेवटचं टोक बाहेर ठेवूनच कपाटात जाते. मग ठळक भूत स्वराच्या मागून येतं आणि त्याच्याच गुंजनात झाकलं जातं.